उंची कमी ठेवा

सुव्रता कॉलेजातून आली ती औषधाच्या बरणीत
केसाळ मूठ घेऊन.
टॅरंटुला, म्हणाली. मैत्रीण चालली परदेशी,
कागदपत्रं सगळी रीतसर माझ्या नावावर केलीत.
नावसुद्धा ठेवून मोकळी झालेली: अक्का.

माझं दुकान लक्ष्मीपुरीत. काच, आरसे, फोटोफ्रेम.
अठ्ठावीस वर्षं मी काच लावली
ती बहुतेक गेलेल्या माणसांवर.
बाराव्याच्या आदल्या दिवशी डिलिव्हरी,
चंदनी हाराचं माप धरून खालची पट्टी जरा रुंद.
जिवंत गिऱ्हाइकाचं माप घ्यायची ही पहिलीच वेळ.

मी आपली दोन फूट उंची धरली होती.
एवढ्या लांबची पाहुणी, जरा ऐसपैस असू दे.
ती म्हणाली, पप्पा, उंच नको. रुंद करा.
काचेवर चढते, आणि वरनं पडली
तर पोट फुटतं तिचं, पिकल्या अंजिरागत.

मी कटर खाली ठेवला.
फुटण्यातलं मला कळतं.

उरलेल्या पाच एमएमच्या तुकड्यांतून
आडवी पेटी बसवली, कडा दोनदा घासल्या,
बाजूंना बारीक भोकं, पाणी सोडत सोडत.
जाळी नको, नखं अडकतात. झाकणाला कडी हवीच.
सिलिकॉनचा वास जाईपर्यंत आठवडाभर
अक्का बरणीतच, शिलाई मशीनखाली.

नारळाच्या काथ्याचा भुगा, बावड्याच्या नर्सरीतला:
मुठीत दाबला तर गोळा व्हावा, थेंब पडू नये.
चार बोटं घातला, तर म्हणाली वीतभर घाला, ती खणते.
कोपऱ्यात कुंभार गल्लीतलं फुटकं गाडगं, अर्धं पुरलेलं.
कुंभार म्हणाला, फुटक्याचं पैसं घेऊ व्हय?
आता ऊन लागणार नाही अशी जागा.
ती एकच होती, देवघराच्या मागची भिंत,
आणि तिथंच सगळं अडलं.

अक्का जिवंत रातकिडे खाते.
आणि आमच्या घरात दिवेलागणीआधी ताटं उठतात,
न जाणो, एखादा जीव अन्नात पडेल.
राजमती पेटीसमोर नुसती उभी राहिली.
मग विचारलं, "हिला दुसरं काय चालत न्हाई?"
नाही, आई.
दोघींपैकी कुणीच रडलं नाही, ते जास्त वाईट होतं.

पेटी माडीवर गेली.
दर गुरुवारी रात्री राजमती जिन्याचं दार ओढून घेते
आणि सामायिकाला बसते, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.
मी दोन्हीकडे नसतो. मी उधारीची वही लिहितो.

मार्गशीर्षात सुव्रता आंबोलीला शिबिराला गेली,
आणि अक्का उताणी. आठी पाय वर.
फोन लावला.
हात लावू नका. फुंकर नको. कात टाकतेय ती.
आत रातकिडा असेल तर आधी काढा,
आत्ता ती मऊ आहे, तोच तिला खाईल.

होता एक.
ओंजळीत धरून गच्चीवर नेला, सोडला.
खाली आलो तर राजमती पेटीजवळ, पाटावर.
दवाखान्याबाहेर बसतात तसे बसलो आम्ही,
मधे एकदा तिनं शाल आणली, एकच, दोघांत.

पहाटे अक्कानं स्वतःला काढून बाजूला ठेवलं होतं,
नखांसकट, अख्खं.
आणि शेजारी ती, ओली, फिकी.
"वीस वर्षं जगते म्हणं," मी म्हणालो. मी अठ्ठावन्नचा.
राजमती उठली, खाली गेली,
वाटीसाठी पाणी घेऊन आली. गाळलेलं.

कातीला मी फ्रेम केली, दुकानात लावली.
हाराला जागा सोडली नाही.
गिऱ्हाईक बघतं, आवाज खाली करून विचारतं, कधी गेली?
मी म्हणतो, गेली कुठं,
माडीवर हाय.